गाडी कुठेच पोहोचत नाही तेव्हा: अनवट रोडमूव्ही शोधण्याची आणि बघण्याची कृती

कुणीतरी एखाद्या रोडमूव्हीचं, म्हणजे प्रवासातच घडणाऱ्या सिनेमाचं, नाव सुचवतं म्हणून तुम्ही तो लावता. एक माणूस गाडी चालवतोय. चार मिनिटांनीही तो गाडीच चालवतोय. मग तो पेट्रोल भरतो, कॉफी पितो, पुन्हा गाडी. अर्ध्या तासाने तुम्ही रिमोट उचलता आणि ‘हे काही आपलं काम नाही’ म्हणून मोकळे होता. यात दोष बहुतेक वेळा तुमचाही नसतो आणि सिनेमाचाही. प्रत चुकीची असते, टीव्हीचं सेटिंग चुकीचं असतं, नाहीतर पहिलाच सिनेमा चुकीचा निवडलेला असतो. तिन्ही गोष्टी दुरुस्त करता येतात.

मुळात स्वतंत्रपणे, तुटपुंज्या पैशात सिनेमा करणारे लोक रस्त्यावर का येतात? कारण रस्ता परवडतो. गाडी हाच स्टुडिओ. लोकेशन रोज बदलतं आणि त्याचं भाडं पडत नाही. नट दोन-तीन पुरतात, प्रकाश उन्हाचा. शूटिंग प्रवासाच्याच क्रमाने करता येतं, म्हणून वाढलेली दाढी, काचेवरची धूळ आणि चेहऱ्यावरचा कंटाळा मेकअपचा राहत नाही, खरा असतो. पाठलाग आणि अपघात मात्र परवडत नाहीत. मग हाताशी उरतो फक्त वेळ. ही टंचाई झाकायला न जाता तिच्यातूनच सिनेमाचा घाट काढायचा, ही या सिनेमांची खरी गंमत. ती एकदा दिसली की चार मिनिटांचं ड्रायव्हिंग खुपत नाही.

१. हाताशी काय हवं

यादी छोटी आहे.

- लॅपटॉप, त्यावर व्हीएलसी प्लेअर, आणि टीव्हीला जोडायला एचडीएमआय केबल.
- हेडफोन. या सिनेमांत ध्वनिमुद्रण प्रत्यक्ष जागेवरचं असतं. इंजिनाच्या आवाजाखाली संवाद दबतात आणि टीव्हीचे बारके स्पीकर दोन्ही गिळून टाकतात.
- फोनवर नकाशा, आणि एक वही.
- सिनेमाच्या लांबीपेक्षा वीस मिनिटं जास्त, सलग वेळ. दोन दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी बघायचा असेल तर हा प्रकार सोडून दुसरं काही लावा.

२. पहिला सिनेमा छोटा निवडा

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे थेट तीन तासांच्या नावाजलेल्या सिनेमाला हात घालणं. पोहायला शिकताना कुणी धरणात उडी मारत नाही.

सुरुवात अमेरिकन दिग्दर्शिका केली राइकार्ट हिच्या ‘ओल्ड जॉय’ने (२००६) करा. जेमतेम सव्वा तास. दोन जुने मित्र ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडहून बॅगबीच्या गरम पाण्याच्या कुंडांकडे निघतात. अंतर शंभरेक किलोमीटर. वाट चुकतात, रात्री भलत्याच जागी तंबू ठोकतात, दुसऱ्या दिवशी पोहोचतात आणि परत येतात. भांडण नाही, खुलासा नाही. पण एकाचा संसार मार्गी लागतोय, दुसरा होता तिथेच राहिलाय, आणि ही मैत्री आता संपल्यात जमा आहे हे दोघांनाही कळलेलं असतं. ते तुम्हाला कुठल्या वाक्यावर कळलं, ते वहीत लिहा. पुढच्या वेळी बघाल तेव्हा ती जागा अलीकडे सरकलेली असेल.

मग तिचाच ‘वेंडी अँड ल्यूसी’ (२००८), एक तास वीस मिनिटं. अलास्काला कामाच्या शोधात निघालेल्या मुलीची गाडी ओरेगनमधल्या एका गावात बंद पडते. तेवढंच. गाडी चालतच नाही असा हा रोडमूव्ही. वेंडी एका वहीत खर्च लिहीत जाते, तुम्हीही लिहा. पडद्यावर पैसे हातातून सुटले की आकडा टिपायचा. अर्ध्या तासात हा सिनेमा एखाद्या थरारपटासारखा अंगावर येतो, कारण पुढच्या वळणापेक्षा पुढची बेरीज भीतीदायक असते.

हसऱ्या वाटेने जायचं असेल तर अर्जेंटिनाच्या कार्लोस सोरिनचा ‘इस्तोरियास मिनिमास’ (२००२) घ्या. पातागोनियाच्या ओसाड रस्त्यावर तीन माणसं एकाच शहराकडे निघालेली. नट बहुतेक हौशीही नाहीत, साधी माणसं आहेत. त्यातला फिरता विक्रेता एका विधवेच्या मुलासाठी वाढदिवसाचा केक घेऊन चाललाय. केक फुटबॉलच्या आकाराचा. वाटेत त्याला शंका येते: मूल मुलगा आहे की मुलगी? मग एका बेकरीत थांबून फुटबॉलचं कासव करून घ्यायची खटपट सुरू होते. अख्ख्या सिनेमाचा ‘थरार’ हा इतकाच, आणि तो पुरतो.

भारतातला हवा असेल तर गीतू मोहनदास यांचा ‘लायर्स डाइस’ (२०१३). हिमाचलच्या चितकुलहून एक बाई, तिची लहान मुलगी आणि एक करडू बेपत्ता नवऱ्याच्या शोधात दिल्लीला निघतात. भारताकडून ऑस्करला पाठवलेला सिनेमा असूनही फार थोड्यांनी पाहिलेला.

जर्मनीचा विम वेंडर्स, अमेरिकेचा जिम जार्मुश, इराणचा अब्बास किआरोस्तामी या दिग्दर्शकांकडे चौथ्या-पाचव्या सिनेमाला वळा.

३. नावावर शोधू नका, नाव आणि साल दोन्हींवर शोधा

एकाच सिनेमाची तीन नावं असणं इथे नेहमीचं आहे. किआरोस्तामीचा १९९२ चा सिनेमा ‘लाइफ, अँड नथिंग मोर’ म्हणून सापडतो आणि ‘अँड लाइफ गोज ऑन’ म्हणूनही. वेंडर्सचा ‘किंग्ज ऑफ द रोड’ (१९७६) मूळ जर्मनमध्ये ‘इम लाउफ डेर त्साइट’, म्हणजे ‘काळाच्या ओघात’. ‘वाँडा’ शोधलं की १९८८ ची ‘अ फिश कॉल्ड वाँडा’ ही विनोदी फिल्म पुढ्यात येते. तुम्हाला हवी ती बार्बरा लोडेनची, १९७० ची. किआरोस्तामीच्या ‘टेन’चं तर विचारूच नका, साल २००२ आणि दिग्दर्शक दोन्ही टाकल्याशिवाय ती हाती लागत नाही.

कुठला सिनेमा सध्या कुठे आहे हे बघायला जस्टवॉच वापरा. तिथे देश ‘भारत’ निवडला आहे ना, ते आधी पाहा. अमेरिकेची यादी बघून सदस्यत्व घेणारे पुष्कळ फसतात. मूबी हे सिनेमांचं ॲप भारतात चालतं. क्रायटेरियन चॅनल फक्त अमेरिका आणि कॅनडात. तिथल्या मराठी वाचकांनी एक गोष्ट मात्र जरूर करावी: गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयाचं कार्ड काढून त्यावर कॅनोपी हे सिनेमांचं ॲप मिळतं का ते विचारावं. फुकट असतं, महिन्याला ठरावीक तिकिटं मिळतात, आणि असले सिनेमे तिथे भरपूर.

मोठ्या पडद्यासाठी गोव्याचा इफ्फी, पुण्याचा पिफ हे महोत्सव आणि मुंबईच्या प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायट्या. महोत्सवाच्या पुस्तिकेत सगळे स्पर्धा विभागावर तुटून पडतात. तुम्ही सिंहावलोकन आणि पुनर्संचयित चित्रपट ही पानं आधी उघडा. रांगही छोटी असते.

डिस्क मागवणार असाल तर प्रदेशाचा आकडा बघूनच. डीव्हीडीसाठी भारत ५ मध्ये येतो, ब्लू-रेसाठी ‘सी’ मध्ये. अमेरिकेची ब्लू-रे बहुधा ‘ए’, ब्रिटनची ‘बी’. आपल्याकडच्या साध्या प्लेअरवर ती ‘ही डिस्क चालत नाही’ एवढंच सांगेल आणि विकणारा परत घेणार नाही. फोर-के यूएचडी डिस्कला ही अट नसते.

४. प्रत तपासल्याशिवाय बसू नका

इथे घाई केली की रस्ता चुकलाच म्हणून समजा.

आधी लांबी. ‘किंग्ज ऑफ द रोड’ १७५ मिनिटांचा. तुमच्या डिस्कवर १६८ दिसले तर लगेच ‘कापला’ म्हणून ओरडू नका. युरोपातल्या जुन्या डीव्हीडी सेकंदाला २५ फ्रेमच्या, सिनेमा २४ फ्रेमचा. त्यामुळे सगळं चार टक्क्यांनी वेगात धावतं आणि आवाज किंचित चिरका होतो. १७५ भागिले १.०४१६ केलं की १६८ येतात. म्हणजे कापलेलं काही नाही. पण १५० दिसले तर मात्र ती प्रत बाजूला ठेवा.

मग चौकट. आजचा टीव्ही १.७८ प्रमाणाचा, म्हणजे रुंदी उंचीच्या १.७८ पट. ‘किंग्ज ऑफ द रोड’ १.६६ चा, ‘वाँडा’ १.३७ चा. ४३ इंची टीव्हीवर पहिल्याच्या दोन्ही बाजूंना साधारण तीन-तीन सेंटिमीटर काळी पट्टी दिसायला हवी, दुसऱ्याच्या अकरा-अकरा. पट्टी अजिबात नसेल तर चित्र ताणलंय किंवा वर-खाली छाटलंय. टोपी आणि बोनेट एकाच वेळी अर्धवट दिसायला लागले की समजायचं, छाटलंय.

तिसरी गोष्ट गाणी. रोडमूव्हीत गाडीचा रेडिओ आणि ढाब्यावरचा ज्यूकबॉक्स म्हणजे अर्धा सिनेमा, आणि तिथेच हक्कांचा गुंता. मॉन्टे हेलमनचा ‘टू-लेन ब्लॅकटॉप’ (१९७१) संगीताच्या हक्कांपायी १९९९ पर्यंत घरी बघायला रीतसर मिळतच नव्हता. (त्याला पैसे मोठ्या स्टुडिओने दिले होते, त्यामुळे ‘स्वतंत्र’ म्हणावं का यावर लोक वाद घालतात. वळण पाहिलंत तर तो इथलाच.) काही सिनेमांच्या घरगुती आवृत्तीत मूळ गाणी बदललेली असतात, पाहण्यापूर्वी दोन-तीन जाणत्या परीक्षणांत त्याचा उल्लेख आहे का ते बघा.

हे सिनेमे अनोळखी राहिले त्यामागे अशीच ठोस कारणं असतात. ब्राझीलचा ‘इरासेमा’ ट्रान्स-ॲमेझॉन महामार्गावरचा. लष्करी राजवटीत तो तिथे वर्षानुवर्षं दाखवता आला नाही. ‘वाँडा’ १६ मिलिमीटरवर, सव्वा लाखाहून कमी डॉलरमध्ये झाला, व्हेनिसला बक्षीस मिळवलं आणि विस्मरणात गेला. २०१० मध्ये मूळ रिळांवरून तो नव्याने दुरुस्त झाला. म्हणूनच ‘वाँडा’ची २०१० च्या आधीची धुरकट प्रत बघण्यात अर्थ नाही.

५. सबटायटल मागे-पुढे होत असतील तर

मराठी सबटायटल जवळपास मिळत नाहीत. इंग्रजीवर भागवावं लागतं. त्यांचा वेळ चुकण्याचे प्रकार दोन.

पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच फरक असेल, समजा दोन सेकंद, तर सोपं आहे. व्हीएलसीत ‘जी’ दाबलं की सबटायटल ५० मिलिसेकंद अलीकडे येतं, ‘एच’ने तेवढंच पलीकडे जातं. दोन सेकंदांसाठी चाळीस वेळा दाबावं लागेल, दाबा.

सुरुवातीला बरोबर आणि पुढे फरक वाढत जात असेल, तर सबटायटल २५ फ्रेमच्या प्रतीसाठी केलेलं आहे आणि तुमची प्रत २३.९७६ ची, म्हणजे जवळपास २४ चीच. तासाभरात अडीच मिनिटांचा फरक पडतो. इथे ‘जी’ आणि ‘एच’ बडवून उपयोग नाही. ‘सबटायटल एडिट’ या मोफत प्रोग्राममध्ये फाइल उघडायची आणि फ्रेमदर २५ वरून २३.९७६ करायचा.

आणखी एक: रेडिओवरच्या बातम्या, पाट्या, भिंतीवर लिहिलेलं याची सबटायटल बहुतेक वेळा नसतात. ‘ओल्ड जॉय’मध्ये गाडीतला रेडिओ राजकारणावर बडबडत असतो, ते कान देऊन ऐका. काळ आणि मूड तिथेच कळतो.

६. टीव्हीचा शहाणपणा बंद करा

टीव्ही स्वतःच्या मनाने मधल्या फ्रेम घालून हालचाल गुळगुळीत करतो. एलजीवर त्याला ट्रूमोशन म्हणतात, सोनीवर मोशनफ्लो, सॅमसंगवर पिक्चर क्लॅरिटी. खिडकीतून मागे पळणारी झाडं त्यामुळे मालिकेच्या सेटसारखी दिसतात. ते बंद करा किंवा फिल्ममेकर मोड निवडा. कृष्णधवल सिनेमाला ‘व्हिविड’ मोडवर निळसर झाक येते, तोही नको.

जिम जार्मुशचा ‘स्ट्रेंजर दॅन पॅरडाइज’ (१९८४) लावलात तर दर प्रसंगानंतर पडदा काळा होईल. फाइल बिघडलेली नाही. पहिला भाग वेंडर्सच्या एका सिनेमातून उरलेल्या कच्च्या फिल्मवर चित्रित झाला. प्रत्येक प्रसंग एकाच शॉटमध्ये घ्यायचा आणि मध्ये काळी फिल्म जोडायची, अशी ती रचना. त्यातले तिघे क्लीव्हलंडमध्ये प्रेक्षणीय स्थळ म्हणून ईरी सरोवर बघायला जातात. बर्फाच्या वादळात समोर नुसतं पांढरं. तिघे कठड्याशी कुडकुडत उभे राहून त्या पांढऱ्याकडे बघतात. तुमच्या टीव्हीचा ब्राइटनेस फार चढवला असेल तर इथे सगळंच धुऊन निघतं.

७. नकाशा उघडून बसा

सिनेमा सुरू होण्याआधी सुरुवातीचं आणि शेवटचं ठिकाण नकाशावर टोचून ठेवा. ‘किंग्ज ऑफ द रोड’मध्ये हे फारच सोपं आहे, कारण पहिल्याच पाट्यांत सगळं लिहिलेलं आहे: १९७५ मध्ये, अकरा आठवडे, लुनेबुर्क ते होफ, पूर्व जर्मनीच्या सीमेलगत. सरळ रेषेत हे अंतर साधारण ३४० किलोमीटर. सिनेमातले दोघे थेट जातच नाहीत. सीमेमुळे निर्जीव झालेल्या गावागावांतून वळसे घेत राहतात, कारण त्यांच्यातल्या ब्रूनोचं काम म्हणजे खेड्यातल्या थिएटरांचे प्रोजेक्टर दुरुस्त करणं. रस्ता कुठे तुटतो, पूल का नाही, हे नकाशावर पाहिलंत की फाळणी कुणी बोलून दाखवायची गरज उरत नाही.

सुरुवातीचा प्रसंग नीट बघा. ब्रूनो ट्रकमध्ये सकाळची दाढी करतोय. समोरून एक फोक्सवॅगन भरधाव येते आणि सरळ एल्बे नदीत घुसते. गाडी लगेच बुडत नाही. आतला माणूस छतातून बाहेर पडतो, बॅग घेऊन किनाऱ्याला येतो. दोघे एकमेकांकडे बघून हसतात. का केलं, कोण तू, काही नाही. पटकथा लिहिलेली होती ती या सुरुवातीच्या भागापुरतीच. पुढचं रस्त्यावर, मुक्कामाला थांबून रचलं गेलं. ते तुम्हाला दिसतंच: पहिल्या वीस मिनिटांनंतर सिनेमा सैल होतो, श्वास घेतो.

आपल्याकडचे लोक इथे हमखास वारीचा दाखला देतात. तो अर्धाच लागू पडतो. वारीला पोहोचायचं ठिकाण आणि तिथी दोन्ही ठरलेली असतात. यांना दोन्ही नाहीत.

८. डोळा कुठे ठेवायचा

कथानक शोधू नका. गाडीत कोण कुठे बसलंय ते बघा. किआरोस्तामीच्या ‘टेन’मध्ये डॅशबोर्डवर दोन छोटे डिजिटल कॅमेरे आहेत, एक चालकाकडे आणि एक शेजारच्या सीटकडे. पहिला प्रसंग पंधराएक मिनिटांचा, आणि त्यात कॅमेरा फक्त आईशी भांडणाऱ्या मुलावर. आईचा नुसता आवाज. मुलगा दार आपटून निघून जातो आणि मग पहिल्यांदा ती दिसते. सिनेमाचा अख्खा डाव या एका कटमध्ये आहे.

किआरोस्तामीच्याच ‘लाइफ, अँड नथिंग मोर’मध्ये, १९९० च्या भूकंपानंतर एक दिग्दर्शक आपल्या जुन्या सिनेमातल्या मुलांना शोधत कोकर गावाकडे निघतो. शेवटचा शॉट खूप लांबून घेतलेला. पिवळी गाडी चढावर दम टाकते, मागे घसरते. खांद्यावर गॅस सिलिंडर घेतलेला माणूस तिला धक्का देतो आणि आपल्या वाटेने चढू लागतो. गाडी पुन्हा जोर लावते, त्याला ओलांडते, वर जाऊन थांबते, त्याला आत घेते. मुलं सापडली का, ते सिनेमा सांगत नाही. हा शॉट फोनवर बघितलात तर सिलिंडरवाला तुम्हाला दिसणारच नाही.

९. जोडीने बघा

एकेकटा बघण्यापेक्षा जोडी लावली की जास्त हाती लागतं. ‘किंग्ज ऑफ द रोड’ नंतर आठवड्याभरात शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) हा माहितीपट बघा. महाराष्ट्रातल्या जत्रांमधल्या तंबू टॉकीजचा, आणि त्यातही प्रोजेक्टर दुरुस्त करणारा एक मिस्त्री आहे. चाळीस वर्षांचं अंतर, दोन देश, पण गंजलेल्या यंत्रावर तेल सोडणारा हात अगदी तोच.

दुसरी जोडी केरळची. जॉन अब्राहम यांचा ‘अम्मा अरियान’ (१९८६): मेलेल्या मित्राची बातमी त्याच्या आईला सांगायला एक तरुण वायनाडहून कोचीकडे निघतो आणि वाटेत एकेक मित्र सामील होत जातो. ओडेसा नावाच्या गटाने गावोगाव सिनेमे दाखवून, लोकांकडून वर्गणी जमवून तो बनवला. त्याच्यासोबत सनल कुमार शशिधरन यांचा ‘एस दुर्गा’ (२०१७) ठेवा. लिहिलेल्या पटकथेशिवाय केलेला, बराचसा एका व्हॅनमध्ये घडणारा, रॉटरडॅमला टायगर पुरस्कार मिळालेला. पहिल्यात रस्त्यावर माणसं वाढत जातात, दुसऱ्यात तीच वाढती माणसं भीती होतात. रात्री एकट्याने बघू नका.

१०. चार जणांना जमवून दाखवायचं असेल तर

घरचं सदस्यत्व घरापुरतं असतं. सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा वाचनालयात खेळ लावायला हक्कधारकाची परवानगी लागते, तिकीट नसलं तरी. सोपा मार्ग म्हणजे जवळच्या फिल्म सोसायटीबरोबर कार्यक्रम करणं; १९५९ पासून चालत आलेल्या फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीजच्या सभासद संस्थांना ही कागदपत्रं पाठ असतात. जर्मन सिनेमासाठी पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्यूलर भवनात चौकशी करा.

मध्यांतर टाळता आलं तर टाळा. तीन तासांच्या सिनेमात द्यावंच लागलं तर प्रसंग संपून गाडी थांबलेली असते तिथे द्या, संवादाच्या मध्ये नको. जागा आधी घड्याळ लावून ठरवून ठेवा.

आणि ‘टू-लेन ब्लॅकटॉप’ लावणार असाल तर प्रोजेक्टर सांभाळणाऱ्याला आधीच सांगून ठेवा. शेवटी आवाज जातो, चित्र मंदावतं, थांबतं आणि पडद्यावर फिल्म जळायला लागते. ते हेलमननेच तसं केलेलं आहे. न सांगितल्यास तो धावत येऊन प्लग काढतो.